मणी वाढले

व्यवहारात पडण्याआधी ज्याचा त्याचा फायदा मांडून घ्यावा. मग पुढे त्यातून प्रेम निघालं तरी हिशेब हातचा जात नाही.

मुखरूचा फायदा असा होता. चांद्याला जटपुरा दरवाजाजवळ त्याच्या मामाचं, वरातींना भाड्यानं द्यायच्या गॅसबत्त्यांचं दुकान. त्या दुकानात वरच्या फळीवर, लढाई संपल्यापासून, एक पितळी दिवा पडून होता. लष्कराच्या मोडीत मामांनी हौसेनं उचललेला. पोटात रॉकेल, बगलेला पंप, पुढे नळी. पेटवला की वाघासारखा गुरगुरायचा आणि हातभर जाळ सोडायचा. त्याचं करायचं काय, हे मात्र अख्ख्या चांद्यात कोणाला ठाऊक नव्हतं. मामा, म्हणजे गुणवंतराव, म्हणायचे, "मुखऱ्या, ज्या दिवशी हा खपवशीन, त्या दिवशी तुले गादीवर बसवतो." तोवर भाच्याची जागा पायरीवर.

रंभाचा फायदा याहून मोठा होता, म्हणून तिची धाकधूकही मोठी. सावली गावच्या लटारू कासाराची ही एकुलती लेक. नदीपलीकडे मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत चिंचेखालची जागा तिच्या आईची. आई गेली, मग त्याच जागी बसून रंभा बायकांना बांगड्या भरू लागली. पण औंदा नागपूरचा एक व्यापारी लॉरीभर बांगड्या घेऊन येणार होता. जागा वाटणाऱ्यांनी रंभाला सांगितलं, "एका रांगेत बांगड्याचे दोन दुकानं नाई बसत, बाई. दुसरं काई विकत असशीन तं बोल."

रंभा बोलली. तोच तर तिचा रोग. "मी मनी विकीन. लोकांच्या डोयापुढं बनवून."

मणी तिनं जन्मात कधी बनवला नव्हता. एका जत्रेत उत्तरेकडचा एक कारागीर दिव्याच्या जाळावर काचेची कांडी वितळवून तारेवर मणी वळताना तिनं पाहिला होता, भूक विसरून पाहिला होता, एवढंच. शब्द मात्र तोंडातून गेला होता, आणि शिवरात्र काही कोणासाठी थांबत नाही.

म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी, धुकं अजून दरवाजाच्या कमानीला लोंबत असताना, रंभा बापासोबत मामांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातातल्या बांगड्या ती मनगटावर गोल गोल फिरवत होती. घाबरली की तिची ती सवय.

"बत्ती पाह्यजे का?" मुखरूनं विचारलं.

"जाळ पाह्यजे."

मुखरूनं मान वर केली… आणि जराशी जास्तच वेळ वर ठेवली. "जाळ? कोनाले लावाचा?"

"काचेले," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून, "सध्या तरी."

गादीवर मामांनी पोथी मिटावी तशी पानसुपारीची चंची मिटली. काच, जाळ, गिऱ्हाईक! मुखरूचा हात आपोआप वरच्या फळीकडे गेला. धूळ झटकली, रॉकेल भरलं, पंप मारला. दिवा गुरगुरला. रंभानं कमरेच्या पिशवीतून बांगडीचा तुकडा काढला, चिमट्यात धरला आणि जाळात घातला. काच आधी काजळली, मग तडतडली, आणि एक बट जळल्याचा वास दुकानभर पसरला. बट रंभाची होती.

"अगा बाप्पा!" ती दोन पावलं मागे उडाली. "हा तं म्हैस भाजाचा जाळ हाये! मले मनी बनवाचा हाये… तुरीच्या दान्याएवढा!"

"सवय होते, बाई," मामा गादीवरून म्हणाले. "मजबूत माल हाये. लढाईतला."

रंभानं बापाकडे पाहिलं, बापानं दिव्याकडे. खरेदी एकदाच होणार होती, चुकली तर दुसऱ्यांदा यायला तोंड नव्हतं. तिनं गाठ मारलेला रुमाल काढला आणि गाठीशी… उगाच चाळा करत राहिली. धास्ती ती लपवत होती, पण तिच्या बांगड्या लपवू देत नव्हत्या. किणकिण ऐकू येत होती.

मुखरूला त्या वेळी गादी दिसत होती. मऊ, पांढरी, लोडासकट. आणि तो म्हणाला, "हा नोका घेऊ."

मामांना ठसका लागला.

"हा तुमच्या कामाचा नाई," मुखरू खाली बघत म्हणाला. "तुमाले लहान जाळ पाह्यजे. निळा. सुईसारखा."

"मंग सोनाराची फुंकनी घेऊ का?"

"एका हातात काच, दुसऱ्यात तार. फुंकन कोन? तोंड तं तुमाले बोलाले लागते."

लटारूभाऊ मिशीत हसले. रंभानं हसू दाबलं आणि त्या दाबलेल्या हसण्याची नोंद मुखरूनं बरोब्बर घेतली.

मग दुपारपर्यंत त्या दोघांनी दुकान उपसलं. साधा तेलाचा दिवा. पायानं दाबायचा छोटा भाता; तो एका सोनाराकडून जुना आणला. भात्याची हवा नेमकी ज्योतीत सोडायला गॅसबत्तीच्या नळीचं तोंड मुखरूनं घासून बारीक केलं. मणी वळायला सायकलच्या मोडक्या चाकाच्या तारा. बारीक टोकाचा चिमटा. आणि निळ्या काचांचा एक चष्मा, कारण काच तापली की असा पिवळा झगमगाट मारते की त्यात मणीच दिसत नाही. चष्मा पारखायला म्हणून मुखरूनं आधी स्वतः घातला आणि रंभाकडे पाहत राहिला.

"काय दिसते?" तिनं विचारलं.

"सगळं निळं. तुमी सोडून."

"मी कोन्त्या रंगाची?"

"लाल. आत्ताच झाल्या."

काचेच्या कांड्यांवर मात्र वाद झाला. रंभाला नागपूरच्या इतवारीतून चांद्याच्या बाजारात आलेल्या कांड्यांमधला एकूण एक रंग हवा होता. मुखरू म्हणाला, "पह्यले एकच रंग घ्या. हात बसू द्या. मामा बी नव्या मानसाले एकच बत्ती देते."

"एका रंगाच्या मन्याले कोन भुलन?"

"एकाच रंगाची मानसं बी भुलवते जी," तो पुटपुटला. शेवटी पिवळा आणि पांढरा यावर तोड निघाली. लाल तर घरचाच होता. कासाराच्या घरी बांगड्यांच्या तुकड्यांची पोती काय कमी?

निघताना तिनं विचारलं, "भाऊ, नळी गळली तं?"

"भाऊ नोका म्हनू. भाऊ म्हटलं का मामा भाव वाढवते."

"मंग काय म्हनू?"

"काईच नोका म्हनू. नुसतं 'गळली' म्हना… मी येतो."

ती गेल्यावर मामांनी पितळी दिवा पुन्हा फळीवर चढवला. "मुखऱ्या, गादी गेली तुही." मुखरू पायरीवर बसला. नळीत त्या दिवसापर्यंत एकही दोष नव्हता, आणि ती लवकर गळावी म्हणून तो देवाला नवस बोलत होता.

नळी गळली. आठवडा उलटायच्या आत गळली. कशी गळली हे रंभालाच ठाऊक.

सावलीच्या अंगणात मुखरू ज्योत लावून द्यायला आला आणि मग दर बाजाराच्या दिवशी येऊ लागला. वारुळाची माती राखेत कालवून तारेवर लेपायची, म्हणजे गार झाल्यावर मणी सुटून येतो. ही अक्कल रंभाची. ज्योत किती उंच, भाता किती दाबायचा, ही मुखरूची. दोघांपैकी कोणालाच सगळं येत नव्हतं, म्हणून दोघंही एकमेकांना शिकवायला मोकळे.

"फिरवत राहा… थांबू नोका. थांबल्या का लोंबला."

"तुमी इकडे पाहू नोका. तुमी पाह्यलं का मी थांबते."

"मंग मी कुठी पाहू?"

"भात्याकडे. बिचारा एकटा हाये."

ओट्यावर लटारूभाऊ डोळे मिटून बसलेले असत. कान मात्र कासाराचे. काचेला तडा जायच्या आधी ऐकणारे.

एकदा मणी तारेवरून निसटला, फरशीवर पडला. "अरे, फुटला!" मुखरू ओरडला. लटारूभाऊंनी पटकन कपाळाला हात लावला. रंभानं असे डोळे वटारले, की मुखरूला वाटलं आपला धक्का लागला. तो माफी मागत राहिला. का ते त्याला कोणी सांगितलं नाही. सांगणार कसं? सांगायला तोच शब्द उच्चारावा लागला असता.

कारण बांगडीवाल्या कासाराच्या घरात काच कधी फुटत नाही. काच 'वाढते'. बांगडी वाढली, चुडा वाढला, आणि आता मणीही. फुटण्याचं नाव घेतलं तर सवाशिणीच्या हाताला लागतं, अशी जुनी धास्ती. गावातल्या बाया बांगडीपुरतं तसं म्हणतात. लटारूच्या घरात आरसासुद्धा वाढायचा. मुखरूही कासारच, पण पितळेचा. त्याच्या वाडवडिलांनी भांडी घडवली. भांड्याला पोचा येतो, भांडं फुटत नाही. शिवाय आई तान्हेपणीच गेलेली, मामा बिनलग्नाचे. ज्या घरात बाईचा हात नाही, त्या घरात बांगडी कशाला वाढेल?

माघ उजाडला. आता रंभाचा हात बसला होता, आणि हात बसला की माणसाला नक्षी सुचते. पिवळ्या मण्यावर बांगडीच्या लाल काचेचे टिपके! जाळात ते असे देखणे दिसत की तिला आपल्याच बोटांची दृष्ट काढावीशी वाटे. दोन आठवडे तिनं बहुतेक तेच केले. तारेवरून उतरवायचे आणि राखेच्या मडक्यात पुरून ठेवायचे, की सावकाश गार होतील.

एका सकाळी ओवायला म्हणून तिनं मडकं ताटात उपडं केलं. राखेतून अर्धे मणी निघाले. अर्धेच. एकेकाचे दोन दोन अर्धे.

रंभा ताटापुढे बसून राहिली. शिवरात्र तोंडावर. चिंचेखाली आईच्या जागेवर ती काय मांडणार होती, राख? पहिलं नाव ओठावर आलं ते मात्र बापाचं नव्हतं. ती तशीच धावत मोटारीच्या थांब्यावर गेली. चांद्याची मोटार निघतच होती. कंडक्टर डोमा दाराशी लोंबकळत होता, आत बायाबापड्या कान टवकारून बसलेल्या.

"डोमाभाऊ! बत्तीवाल्याले सांगजा… सगळे मनी वाढले म्हना. सगळे!"

"सगळे वाढले. सांगतो!" डोमानं घंटी मारली.

तो येईल. आजच येईल, नाहीतर उद्या पहाटे. ती उंबऱ्यावर बसली. मनगटावर बांगड्या फिरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मोटार आली. मुखरू आला नाही. डोमा खाली उतरला, दात काढत.

"सांगतलं व रंभाबाई. लय खुश झाला! नाचाचाच बाकी होता. म्हने, असेच वाढू द्या. आनखी वाढू द्या."

रंभाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, बरोबर ऐकलं, आणि ते जास्त वाईट होतं. आणखी वाढू द्या! म्हणजे काय, हसला तो? तिच्या आईची जागा जाते आणि याला नाच सुचतो? चष्म्यातून पाहणं, 'तुमी सोडून सगळं निळं'… ती सगळी दुकानदाराचीच भाषा होती तर. पेढीवर गोड बोलतात तसलं गोड.

तो बाजाराच्या दिवशीही आला नाही. रंभानं भाता लाथेनं बाजूला सारला. तासाभरानं पुन्हा जवळ ओढला. रागानं मणी होत नाहीत. हात थांबतो, काच लोंबते.

शिवरात्र आठवड्यावर आली तेव्हा मुखरू उगवला. बैलगाडीतून. मागे कापूस घातलेली खोकी, सुताची रिळं, आणि एक लखलखीत गॅसबत्ती. चेहरा बत्तीहून लखलखीत.

"कुठी ठेवले? दाखवा तं! खोके पुरन का? मी मुद्दाम आलो नाई, म्हटलं, बाईचा हात चालून राह्यला, आपुन गेलो का थांबते…"

रंभानं ताट आणून त्याच्यापुढे आदळलं. "घ्या! भरा! आनखी वाढू द्या म्हनत होते ना? घ्या, वाढले!"

मुखरूनं एक अर्धा मणी उचलला. दुसरा उचलला. "हे तं… पन डोमा तं म्हने वाढले."

"मंग वाढलेच ना!"

"अवो, कुठी वाढले? हे तं कमी झाले!"

ओट्यावर लटारूभाऊंचे डोळे उघडले. रंभाला हळूहळू उमगत गेलं आणि उमगता उमगता कानापर्यंत रक्त चढलं. हा पितळेचा माणूस! याला कोण सांगणार, आणि कसं? त्या घरच्यांनी तीन पिढ्यांत न उच्चारलेला शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आला. तिनं बापाकडे पाहिलं. बाप आढ्याकडे पाहू लागला. परवानगी यापेक्षा वेगळी नसते.

"फुटले," ती म्हणाली. मग आवाज चढवून, "फुटले, फुटले, सगळे फुटले! कासाराच्या घरात फुटले म्हनत नाई, वाढले म्हनते! आता समजलं?"

मुखरू मटकन खाली बसला. "आन् मी नाचलो…"

"नाचलेच व्हय?"

"थोडंसं. मामांच्या पुढं." त्यानं डोकं धरलं. "आन् मामांसंग करार केला. जत्रेत तुमच्या दुकानावर उजेड पाह्यजे म्हटलं, इतके मनी दिसाले पाह्यजे. मामा म्हने, बत्ती ने, पन बदल्यात ह्या लगनसराईतल्या साऱ्या वरातीत पुढची बत्ती तू उचलाची. गडी लावाचा नाई."

"डोक्यावर? तुमी?"

"मंग काय गादीवर बसून? गादी तं तवाच गेली."

कधी गेली, हे त्यानं सांगितलं नाही. रंभाला मात्र त्या सकाळचा मामांचा ठसका आठवला. तिचा राग कुठे ठेवू म्हणून जागा शोधू लागला.

मग दोघं ताटावर वाकले. अर्ध्या मण्यांच्या ढिगात काही साबूत निघाले. साधे, नुसते पिवळे. एकही टिपक्याचा नाही. तडा जिथं होता तिथं तो लाल टिपक्याच्या कडेनंच गेलेला.

"जाळात तं चांगले चिकटले होते," मुखरू म्हणाला.

"तापल्यावर सगळ्याच काचा एकमेकीले चिकटते." रंभानं तुकडा उन्हात धरला. "गार होताना कळते. एक जास्त आखडते, दुसरी कमी. बांगडीची काच वेगळी, कांडीची वेगळी."

मुखरूनं ताट बाजूला सरकवलं. मग हळूच, भात्याशी बोलावं तसं, "आन् पितळेचे आन् काचेचे… त्याहिचं जमते का?"

रंभानं चष्मा डोळ्यांवर चढवला. निळ्या काचेआड डोळे दिसत नाहीत, हा त्या सामानाचा एक न सांगितलेला फायदा. "भाता दाबा," ती म्हणाली. "आठवडाच राह्यला."

पांढऱ्या कांड्या शिकण्यातच संपल्या होत्या; त्या आठवड्यात फक्त पिवळे झाले. एकाच काचेचे, साधे. गार राखेऐवजी धानाच्या तुसाची गरम राख, आणि मडकं विझत्या निखाऱ्यावर. गरम काचेला घाई चालत नाही, हे बत्तीवाल्याचं ज्ञान. रोज सकाळी मडकं उपडं करताना रंभा डोळे मिटायची, आणि मुखरू म्हणायचा, "उघडा. वाढले नाई."

मार्कंड्याला चिंचेखाली तिनं दिवा मांडला आणि भात्यावर पाय ठेवला. शेजारी नागपूरवाल्याच्या बांगड्यांचा डोंगर झळकत होता. तिच्यापुढे तागाच्या गोणपाटावर पिवळ्या माळा, दुसरा रंगच नाही. लोक थांबत, बघत, पुढे जात. जागा वाटणारा दोनदा चक्कर मारून गेला.

मग सोमारी आली. जंगलातल्या गावाची, पूर्वी दरवर्षी रंभाच्या आईकडून बांगड्या भरून घेणारी गोंड बाई, मागे तिच्या गावच्या आणखी बाया. तिनं माळ उचलली, मणी दाताखाली धरला, उन्हात फिरवला.

"अस्सल हळदीचा रंग," ती म्हणाली. "आमच्या पोरीच्या लग्नाले असाच पाह्यजे. दुसऱ्या रंगाचे काऊन नाई?"

रंभानं मनगटावरच्या बांगड्या फिरवल्या. "येतच नाई, बाई."

"बरं झालं," सोमारी म्हणाली. "रंग पाह्यले का ह्या पोरी दिवसभर भांडते." आणि तिनं माळा अशा उचलल्या की गोणपाटाचा ताग दिसू लागला. मागच्या बायांना समोरच वळलेला मणी हवा होता. त्या दिव्याभोवती कोंडाळं करून बसल्या. जागा वाटणारा तिसऱ्या चकरेला थांबला. "पुढच्या साली बी इथीच बस, बाई."

रंभानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. काच वितळत होती, तार फिरत होती. मुखरू शेजारी बत्तीला जाळीची वात बांधत होता.

"आमच्या घरी," तो एकदम म्हणाला, "एक गोष्ट कधीच वाढत नाई."

"पितळ कुठं वाढते?"

"तसं नाई. जेवन. मी आन् मामा… ज्याचं त्यानं पातेल्यातून घ्याचं. पोटभर असते, पन वाढनारं कोनी नाई." त्यानं वातीची गाठ तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधली. "म्हटलं, तुमाले इतक्या तऱ्हेचं वाढता येते… तं तेही…"

रंभाचा हात थांबला.

थांबला तो थांबलाच. ज्योतीत काच लोंबली, मणी एका अंगाला थेंबासारखा ओघळला. कोंडाळ्यातल्या बाया खुदकन हसल्या. त्यांना मराठी निम्मं कळत होतं, हे पुरतं कळलं.

"बिघडला," मुखरू कसनुसा म्हणाला.

"कोन म्हनते?" रंभानं तो वाकडा मणी जपून गरम राखेत ठेवला. "हा इकाचा नाई. हा माह्या गळ्यातला. काळ्या पोतीत मधोमध." आणि जरा थांबून, "भाऊ म्हनत नाई म्हनून काय म्हनावं ते इतके दिवस सुचत नव्हतं. आता नावच घेता येनार नाई. सुटली मी."

आता हिशेब.

रंभाला आईची जागा मिळाली. मुखरूला गादी मिळाली नाही, पाट मिळाला, आणि पाटापुढे वाढलेलं ताट. "पितळेचं आन् काचेचं," लटारूभाऊ एवढंच म्हणाले, "सावकाश गार होऊ द्या, जमते." त्यांच्या घरात तो शब्द उच्चारला गेला होता, आणि कोणाच्या हाताला काही लागलं नव्हतं. मामांनी आहेरात लढाईतला पितळी दिवा देऊन टाकला. इतक्या वर्षांनी तो एकदाचा दुकानातून हलला. म्हणजे सगळेच नफ्यात. मग किंमत मोजली कोणी?

वैशाखात, दिवेलागणीला, सावलीच्या वेशीवर वरात आली. करार करार असतो: लगनसराईतल्या साऱ्या वरातीत पुढची बत्ती मुखरूनं उचलायची, गडी लावायचा नाही. पण मुखरू तर बाशिंग बांधून बैलांच्या दमणीत बसलेला. माजघराच्या खिडकीतून, हिरव्या चुड्यावर हळदीचे हात फिरवत, रंभा धाकधुकीनं बघत होती. बत्त्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढची, सगळ्यांत मोठी बत्ती डळमळत येत होती. तिच्याखाली चुंबळ, चुंबळीखाली रेशमी फेटा, आणि फेट्याखाली घामानं निथळणारे गुणवंतराव.

"हळू रे, सनईवाले!" ते कळवळून ओरडत होते. "धक्का देऊ नोका! काच गरम हाये… वाढन!"